२ बाद १२० आणि ६ बाद १२०

पावसानं सामना थांबला की बीड जिल्ह्यात तालुक्याच्या मैदानावर आयोजक एकच उपाय सांगतात: सरासरी काढा. पहिल्या संघानं ५० षटकांत २५० केल्या, म्हणजे षटकामागे ५. दुसऱ्याला ४० षटकं मिळाली, तर ४० पंचे २०० आणि वर एक. चौथीतल्या पोरालाही जमणारा हिशोब. त्यामागे एक युक्तिवाद असतो आणि तो वाटतो तितका भाबडा नाही. जो हिशोब दोन्ही कप्तानांना जागच्या जागी कळतो, त्यावर भांडण होत नाही. पावसानंतर लक्ष्य नव्यानं ठरवणारी डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धत, म्हणजे डीएलएस, हा टीव्हीवरच्या क्रिकेटचा नखरा आहे. त्याला लॅपटॉप लागतो, आकडा कुठून आला ते पंचांनाही सांगता येत नाही. आणि शेवटी बीडमध्ये पाऊस पडतो तरी किती? या प्रत्येक मुद्द्यात थोडं खरं आहे. पण त्यातून ‘सरासरी बरी’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो वेगळाच: डीएलएसचा छापील तक्ता आणि तो चालवणारी, कुणालाही उघडून बघता येईल अशी मोफत कोड लायब्ररी जिल्हा पातळीच्या स्पर्धांनी सामन्याआधीच स्वीकारावी.

आधी सरासरी तपासू. समजा पाठलाग करणाऱ्या संघाच्या ३० षटकांत १२० धावा झाल्या आणि पाऊस आला. मैदान सुकेपर्यंत १० षटकं गेली, आता आणखी १० च खेळायची. सरासरी म्हणते, लक्ष्य २०१. किती गडी बाद झाले हे ती विचारतच नाही. २ बाद १२० असो की ६ बाद १२०, दोघांनाही २०१. डीएलएसचा साधा तक्ता, ज्याला स्टँडर्ड एडिशन म्हणतात, तो मात्र हेच आधी विचारतो. २० षटकं आणि ८ गडी हातात असलेल्या संघाकडे डावाचं ५२.४ टक्के भांडवल शिल्लक असतं. १० षटकं आणि तेच ८ गडी, तर ३०.८ टक्के. म्हणजे पावसानं २१.६ टक्के नेलं, ७८.४ उरलं आणि लक्ष्य झालं १९७. उलट हातात ४ च गडी असतील, तर २० षटकांचं मोल ३०.८ टक्के आणि १० षटकांचं २२.८. नुकसान फक्त ८ टक्के, कारण शेपटाकडच्या फलंदाजांना ती जास्तीची १० षटकं खेळून काढता आलीच असती याची खात्री नव्हती. लक्ष्य २३१. सरासरीनं ६ गडी गमावलेल्या संघाला ३० धावा फुकट दिल्या. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघानं घेतलेले ते सहा बळी हिशोबात कुठे गेले, याचं उत्तर सरासरीकडे नाही.

याच ठिकाणी सामना कायमचा थांबला असता तर गंमत आणखी वाढते. सरासरीच्या मते षटकामागे ४ विरुद्ध ५, त्यामुळे दोन्ही प्रसंगांत पाठलाग करणारा संघ हरला. तक्त्याच्या मते २ बाद असताना बरोबरीचा आकडा ११९ आहे, म्हणजे १२० वर असलेला संघ एका धावेनं जिंकला. ६ बाद असताना तो आकडा १७३ आहे, म्हणजे तोच संघ ५३ धावांनी मागे. क्रिकेट खेळलेल्या कुणालाही ३० षटकांत २ बाद १२० हा फलक दाखवून विचारा, २५० होतील का? हातचं राखून तो ‘हो, आता मारायला सुरुवात करतील’ असं म्हणेल. ६ बाद १२० दाखवा, तो डबा उघडून भाकरी खायला बसेल. आपल्या डोळ्यांना जे दिसतं तेच तक्ता आकड्यांत मांडतो. कळायला सोपं म्हणून मिरवलं जातं ते सरासरीचं सूत्र, पण ते खेळ बघणाऱ्याच्या अकलेला धरून चालत नाही.

‘सोपं म्हणजे भांडण नाही’ या मुद्द्याला इतिहासानंच उत्तर दिलंय. २२ मार्च १९९२ रोजी सिडनीला विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ हव्या होत्या. बारा मिनिटांच्या पावसानंतर फलकावर १ चेंडूत २२ झळकलं, प्रत्यक्षात २१ हव्या होत्या. तेव्हाचा नियम अगदी साधा होता: जितकी षटकं गेली, तितकी पहिल्या संघाची सर्वांत कमी धावांची षटकं वजा करा. दोन षटकं गेली, इंग्लंडच्या सर्वांत कमी धावांच्या दोन षटकांत मिळून एकच धाव होती, म्हणून लक्ष्यातून एकच धाव कमी झाली. पाटीपेन्सिलीवर करता येईल असा हिशोब, आणि त्यावरून झालेली बोंबाबोंब आज तीसहून अधिक वर्षांनीही संपलेली नाही. त्या दिवशी सरासरी वापरली असती तर शेवटच्या चेंडूवर १० हव्या असत्या, म्हणजे तोही अन्यायच, फक्त थोडा लहान. डीएलएसनं ५ लागल्या असत्या: एका षटकाराची शक्यता शिल्लक राहिली असती. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांची पद्धत पहिल्यांदा १ जानेवारी १९९७ ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात वापरली गेली. २०१४ मध्ये ती ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक स्टीव्हन स्टर्न यांच्या हाती आली आणि नावात त्यांची भर पडली. ती टिकली, याचं श्रेय तिच्या अवघडपणाला नाही. षटकं आणि गडी या दोन्ही गोष्टींना ती एकाच तराजूत तोलते.

आता बीडच्याच एका पोराच्या डावाकडे बघू, कारण ‘आमच्या क्रिकेटला याचा काय संबंध’ हा प्रश्न इथूनच येतो. ६ फेब्रुवारी २०२४ ला दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला १९ वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी होती. दक्षिण आफ्रिकेच्या ७ बाद २४४. उत्तरात भारत ४ बाद ३२. तिथून बीडच्या सचिन धसनं ९५ चेंडूंत ९६ काढल्या, कप्तान उदय सहारनसोबत १७१ धावांची भागी केली आणि भारत दोन गडी राखून जिंकला. त्या दिवशी पाऊस आला नाही. पण समजा चौथा गडी गेल्या गेल्या आला असता आणि २० षटकं वाहून गेली असती. सोयीसाठी तेव्हा ४० षटकं उरली होती असं धरू. सरासरीनं भारताला ३० षटकांत १४७ दिल्या असत्या. तक्त्यानं २०८ दिल्या असत्या. म्हणजे सरासरीनं पावसाला आपल्या बाजूचा बारावा खेळाडू केलं असतं, आणि ४ बाद ३२ वरून उभं राहण्यात जी काय किंमत होती तीच पुसून टाकली असती. बीडकरांना त्या खेळीचा अभिमान आहे तो चार गडी पडल्यावर ती झाली म्हणून. ते चार गडी ज्या हिशोबात दिसत नाहीत, तो हिशोब आपल्याच पोराच्या खेळीचं मोल कमी करतो.

इथवर मान्य करणारेही पुढे एक खरा अडथळा दाखवतात: ‘पद्धत चांगली असेल, पण ती दिसत नाही. अंपायर लॅपटॉपमधून एक आकडा काढतो आणि आपण मान डोलवायची.’ ही तक्रार अर्धी बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यात वापरली जाणारी प्रोफेशनल एडिशन संगणकाशिवाय चालत नाही. पहिल्या संघानं खूप धावा कुटल्या की तिच्या वक्ररेषा बदलतात, आणि तो प्रोग्राम सामनाधिकाऱ्यांकडे असतो, गावातल्या स्कोअररकडे नाही. पण साध्या तक्त्याची पद्धत १९९७ पासूनचीच आहे आणि तो तक्ता छापलेला आहे. षटकं उतरत्या क्रमानं, गडी आडव्या रांगेत, मिळून पाचशे आकडे, एका पानावर मावतील. डकवर्थ-लुईस यांनी १९९८ साली आपल्या सूत्राची रचना शोधनिबंधात मांडली. कोड लायब्ररी म्हणजे हेच पान आणि त्यावरचे दोन-तीन नियम प्रोग्रामच्या भाषेत लिहिलेले, जे कुठल्याही स्कोअरिंग ॲपला जोडता येतात आणि ज्यातली प्रत्येक ओळ कुणीही वाचू शकतो. म्हणून खरा पर्याय ‘कळणारी सरासरी की न कळणारा डीएलएस’ असा नाहीच. बंद पेटी आणि उघडी वही, यांतून निवड करायची आहे.

उघड्या वहीचं महत्त्व बीडला वेगळं सांगायला नको. या जिल्ह्यात पावसाच्या हिशोबावरून होणारी सगळ्यात मोठी भांडणं मैदानावर होत नाहीत, ती पीकविम्याची असतात. पीकविम्याचं मूळ सूत्रही अवघड नाही: उंबरठा उत्पन्नातून प्रत्यक्ष उत्पन्न वजा करा, उंबरठ्यानं भागा आणि विमा रकमेनं गुणा. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी आणि त्यावर जोखीमस्तराची कात्री. २०२० साली इथूनच ‘बीड पॅटर्न’ निघाला. त्यात भरपाई हप्त्याच्या ११० टक्क्यांपुढे गेली तर वरचा भार राज्यानं उचलायचा, आणि ती ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीनं हप्त्याचे २० टक्के ठेवून बाकी परत करायचे. तरीही दरवर्षी कचेऱ्यांपुढे गर्दी होते. शेतकऱ्याला भागाकार येत नाही म्हणून नव्हे. त्याच्या महसूल मंडळात पीककापणी प्रयोग कुठल्या वावरात झाला, किती किलो भरलं, हा आकडा त्याच्यासमोर आलेला नसतो. सूत्र माहीत असून त्यात काय टाकलं हे दिसलं नाही की विश्वास जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाचा खंड लांबला तेव्हाही वाद ‘भरपाईसाठी लागणारा २१ दिवसांचा खंड पडला की नाही’ यावर होता, भरपाईच्या टक्केवारीवर कमी. पावसाचा हिशोब जितका उघडा, तितकी भांडणाची जागा अरुंद.

आता लायब्ररीवरचा हल्ला. ‘इंटरनेटवरून कुणी लिहिलेला कोड घ्यायचा आणि त्यावर सामन्याचा निकाल द्यायचा?’ शंका रास्त आहे. कोड चुकू शकतो, आणि कसा ते जवळून बघण्यासारखं आहे. वरचंच उदाहरण घेऊ. २५० गुणिले ७८.४ टक्के म्हणजे नेमके १९६. नियम असा की अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा, म्हणून लक्ष्य १९७. पण संगणक ७८.४ सारखी दशांश संख्या तंतोतंत साठवत नाही, एखादा कण इकडे-तिकडे होतो. गुणाकार १९५.९९९९९९९ आला तर अपूर्णांक कापल्यावर १९५ उरतात आणि लक्ष्य १९६ होतं. एका धावेचा फरक, आणि एका धावेवर विश्वचषक गेलेत. शहाणा प्रोग्रामर म्हणून टक्के साठवतच नाही, टक्क्यांचे दशांश साठवतो: ७८.४ ऐवजी ७८४, १०० ऐवजी १०००, आणि सगळा हिशोब पूर्णांकांत करतो. ही चूक सापडते कुणाला? कोड उघडा असेल तर ज्याला ज्याला आकडा खटकला त्याला. बंद असेल तर कुणालाच नाही. माणूस चुकतो म्हणून कागद टाळायचा, असं कुणी म्हणत नाही. कागद दोघांनी तपासायचा असतो.

आणि माणूस किती चुकतो ते पाहा. ३ मार्च २००३, दर्बान. श्रीलंकेच्या ९ बाद २६८ चा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेच्या ड्रेसिंग रूममधून निरोप गेला की पावसानं सामना थांबला तर ४५ व्या षटकाअखेर २२९ पुरतील. मार्क बाउचरनं मुरलीधरनला षटकार मारून २२९ गाठले आणि शेवटचा चेंडू शांतपणे अडवला. २२९ हा बरोबरीचा आकडा होता, विजयाचा २३०. यजमान आपल्याच विश्वचषकातून बाहेर. २० मार्च २००९ ला गयानात वेस्ट इंडिजचे प्रशिक्षक जॉन डायसन यांनी तक्ता बघून अंधुक प्रकाशाच्या कारणानं आपल्या फलंदाजांना परत बोलावलं. शेवटच्या चेंडूवर गडी गेला होता, तो त्यांनी धरला नाही, आणि इंग्लंड एका धावेनं जिंकलं. दोन्ही ठिकाणी पद्धत चुकली नव्हती, कागद चुकीचा वाचला गेला. चांगली लायब्ररी म्हणून नुसता एक आकडा थुंकून मोकळी होत नाही. ‘बरोबरी २२९, विजय २३०, आता एक गडी गेला तर बरोबरी इतकी’ असं प्रत्येक चेंडूला लिहून देते. हे काम कागदी तक्त्यापेक्षा मोबाईलवर बरं होतं. ज्या स्पर्धेत धावफलक मोबाईलवर भरला जातो, तिथे हे जोडायला वेगळा खर्चही नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तिथे माझ्या बाजूलाही माघार घ्यावी लागते. हा तक्ता ५० षटकांच्या, लेदर बॉलच्या, बड्या सामन्यांच्या आकड्यांवरून बनलाय. आठ-दहा षटकांच्या टेनिस बॉल स्पर्धेला तो कसा लावणार? छोट्या सामन्यांत त्याचा पाय घसरतो हे खरंच आहे. मे २०१० मध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकात इंग्लंडनं १९१ केल्या, पाऊस आला आणि वेस्ट इंडिजला ६ षटकांत ६० एवढंच लक्ष्य मिळालं. इंग्लंडचा कप्तान पॉल कॉलिंगवूडची चिडचिड समजण्यासारखी होती. दहा षटकांचा सामना सुरू होण्याआधीच पाचवर आला, तर १०० धावांपुढे तक्ता ५४ चं लक्ष्य देतो, सरासरी ५१ चं. तीन धावांसाठी एवढा व्याप कशाला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. डावाच्या मधोमध थांबलेल्या सामन्यात मात्र घालीन. दहा षटकांत त्याच १०० चा पाठलाग करताना पाच षटकांत ५० झाल्या आणि सामना संपवावा लागला, तर सरासरी म्हणते बरोबरी. तक्ता म्हणतो, बिनबाद ५० असेल तर तुम्ही चार धावांनी पुढे, ६ बाद ५० असेल तर पाच धावांनी मागे. टेनिस बॉलच्या स्पर्धेतही हा निर्णय मैदानाभोवतीच्या गर्दीला पटेल.

लेदर बॉलच्या जिल्हा सामन्यांत दुसरी अडचण येते. पहिल्या संघाचाच डाव पावसानं तुटला की दुसऱ्याकडे भांडवल जास्त उरतं, आणि तेव्हा सूत्र एका सरासरी धावसंख्येचा आधार घेतं, जी मोठ्या संघांसाठी २४५ धरली गेली आहे. समजा ४० षटकांत २ बाद २०० वर पहिला डाव थांबला आणि दुसऱ्याला ४० षटकं दिली. २४५ धरले तर लक्ष्य २५०. पण ज्या मैदानावर पन्नास षटकांत सहसा १८० होतात तिथे १८० धरले तर लक्ष्य २३७. तेरा धावांचा हा फरक बाहेरून आणलेल्या आकड्यामुळे आहे, सूत्रामुळे नाही. बंद प्रोग्राममध्ये तो आकडा आपल्या हातात नसतो. उघड्या लायब्ररीत ती एक ओळ आहे: स्पर्धेच्या नियमपत्रिकेत आकडा लिहा, तोच कोडमध्ये टाका, आणि नाणेफेकीआधी दोन्ही कप्तानांच्या सह्या घ्या. ‘परदेशी सूत्र का’ असं विचारणाऱ्यांसाठी त्रिशूरचे अभियंता व्ही. जयदेवन यांची व्हीजेडी पद्धत आहे. बीसीसीआयनं ती देशांतर्गत क्रिकेटमध्ये वापरली. ती घ्या, माझी हरकत नाही. पण पाऊस पडल्यावर निवडू नका.

उरला ‘बीडमध्ये पाऊस पडतो तरी किती’ हा प्रश्न. कमी पडतो, हे खरं. पण कमी पडणं आणि वेळेवर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मराठवाड्याला कुणी शिकवावं असं नाही. आपल्याकडे सामने पावसाळ्यात नव्हे, सुगी उरकल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी भरतात. नेमक्या त्याच दिवसांत गारपीट आणि अवकाळी येतो, गहू-हरभऱ्यावर आणि आंब्याच्या मोहरावर पडतो तोच मैदानावरही पडतो. रोज पाऊस असता तर लोकांनी एव्हाना नियम पाठ केला असता. क्वचित येतो म्हणूनच तो तयारी नसताना गाठतो, आणि मग ज्याच्या नावाचा चषक आहे त्याच्या कार्यकर्त्याचा आवाज शेवटचा ठरतो.

एक आक्षेप राहतो, तो आयोजकांचा नाही, स्कोअररचा: ‘हे सगळं चालवायला लागणारी माहिती आमच्या वहीत असतेच कुठे?’ हा आक्षेप खोडण्यासारखा नाही, दुरुस्त करण्यासारखा आहे. तक्त्याला तीन गोष्टी लागतात: पाऊस आला तेव्हा किती षटकं आणि चेंडू झाले होते, किती गडी बाद होते, आणि पुन्हा सुरू करताना किती षटकं उरली. पण धावा आणि गडी फलकावर असले तरी कुठला गडी कितव्या षटकाच्या कितव्या चेंडूला गेला हे बऱ्याचदा सामना संपल्यावर आठवून भरलं जातं. डायसन यांचा घोळही याच रकान्यातला होता. वहीत ‘गडी बाद: धावा / षटक / चेंडू’ असा एक उभा रकाना आखून घेतला, तर लायब्ररीला हवं ते सगळं त्या पानावर येतं. रकाना आखायला फूटपट्टी पुरेशी आहे.